वाळूने पाहिलेलं शेवटचं ऊन

वाळूचं वय किती, असं कोणी विचारलं की मी आधी प्रश्नच दुरुस्त करते. थरच्या वाळवंटातला क्वार्ट्झचा कण कोट्यवधी वर्षांचा म्हातारा असतो. कुठल्यातरी खडकातून सुटला, नदीने वाहून आणला, वाऱ्याने उचलला, टाकला, पुन्हा उचलला. त्याच्या जन्माशी आम्हाला देणंघेणं नाही. आम्ही शोधतो तो त्याच्यावर शेवटचं ऊन पडल्याचा दिवस. म्हणजे तो दुसऱ्या वाळूखाली गाडला गेला, तो दिवस. बरीच वर्षं मी हेच करते आहे. नोकरी अहमदाबादची, घर मुंबईत, अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. क्वार्टर नवऱ्याच्या नावावर आणि त्याची बदली काही होत नाही, म्हणून गुजरात मेलचा आणि माझा संबंध वाळूइतकाच जुना.

कॉलनीत माझं काम समजावणं कठीण. ‘मातीचं काहीतरी करते’ एवढ्यावर लोकांचं भागतं. अपवाद खालच्या मजल्यावरचे काका. काकू कस्टममध्ये, म्हणून ते इथे. स्वतः काका परळच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात होते. एकदा त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी त्यांनाच उलट विचारलं, “काका, ड्युटीवर असताना छातीवर बॅज लावायचात ना? तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा. त्यात काय असतं?”

काकांना माहीत होतं. डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. एक्स-रेच्या खोलीत जेवढा किरणोत्सर्ग अंगावर येईल त्याची नोंद त्या चकत्या धरून ठेवतात, आणि नंतर तापवल्या की तेवढा प्रकाश देतात. आपल्याकडे हे बॅज ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाले आणि १९७०च्या दशकात जुन्या फिल्मच्या बॅजची जागा त्यांनी घेतली.

“वाळूचा कणही तेच करतो,” मी म्हटलं. “मातीत थोडं युरेनियम, थोडं थोरियम, बरंचसं पोटॅशियम असतंच. वरून विश्वकिरण येतात. या सगळ्याचा मारा कण गाडलेला असेपर्यंत मोजत राहतो.”

“म्हणजे तुझी वाळू ड्युटीवर आहे म्हण की,” काका म्हणाले. “आणि तिला रजा नाही.”

इतकं नेमकं मला कुठल्याही व्याख्यानात सांगता आलेलं नाही. पुढचं थोडं शास्त्र असं. क्वार्ट्झच्या स्फटिकात खोटी असतात. एखादा अणू जागेवर नसतो, एखाद्याच्या जागी भलताच बसलेला असतो. किरणोत्सर्गाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन या खोटींमध्ये अडकतात. अंधारात अडकूनच राहतात, वर्षागणिक भर पडत जाते. ऊन लागलं की सुटतात आणि सुटताना अगदी मंद प्रकाश देऊन जातात. प्रयोगशाळेत आम्ही उन्हाऐवजी निळा प्रकाश टाकतो आणि कणातून येणारा अतिनील उजेड मोजतो. त्यावरून कणाने एकूण किती मात्रा साठवली ते कळतं. ती ग्रे या एककात येते. दर हजार वर्षांना किती मात्रा मिळत होती ते त्याच जागच्या मातीवरून काढायचं. समजा साठा २५ ग्रे आणि दर हजार वर्षांना अडीच ग्रे, तर दहा हजार वर्षं. भागाकार तिसरीतल्या मुलाचा. बाकीचं सगळं आयुष्य अंश आणि छेद बरोबर आहेत की नाही यात जातं.

वाऱ्याने आणलेल्या वाळूवर आमचा विशेष जीव, त्याला कारण आहे. पुराच्या गढूळ पाण्यात रात्री वाहिलेल्या कणाला ऊन लागतं न लागतं. जुना साठा तसाच घेऊन तो गाडला जातो आणि वय आहे त्याहून जास्त दाखवतो. वारा तसं करत नाही. तो कणाला उड्या मारायला लावत नेतो, भर उन्हात, पुन्हा पुन्हा. लख्ख उन्हात क्वार्ट्झचा प्रकाशाने सुटणारा साठा काही मिनिटांत जवळपास पूर्ण रिकामा होतो. म्हणजे वाळूच्या टेकडीवर येऊन बसलेला कण शून्यापासून मोजायला लागतो, आणि हे शून्य विश्वासाचं असतं. पूर्वी फक्त तापवून मोजायची पद्धत होती तेव्हा एवढीही खात्री नव्हती, कारण तापवल्यावर सुटणारा साठा रिकामा व्हायला तासन्‌तास ऊन लागतं आणि तळाशी थोडा उरतोच. तरी त्याच पद्धतीने अशोक सिंघवी, वाय. पी. शर्मा आणि डी. पी. अगरवाल यांनी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत राजस्थानच्या टेकड्यांची वयं काढली आणि १९८२ साली ती ‘नेचर’मध्ये आली. प्रकाशाने मोजायची युक्ती कॅनडातल्या डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवली. २००० साली अँड्र्यू मरे आणि अ‍ॅन विंटल यांनी कण चिकटवलेल्या एकाच चकतीवर सगळी मोजणी करायची रीत पक्की केली. आज आम्ही सगळे तिच्यावरच जगतो.

माझं दुर्दैव म्हणा, ज्या टेकडीच्या नावाने माझा पत्ता आहे तिचा या शास्त्राला काडीचा उपयोग नाही. शेख मिस्रींच्या दर्ग्याकडे चढून जाताना पायाखाली येतो तो ज्वालामुखीचा काळा खडक. मुंबईपासून नागपूरपर्यंत पसरलेल्या या बेसाल्टात सिलिका भरपूर, पण सुटा क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. त्यामुळे रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळपट वाळू हातात घेतली की मला आधी कंटाळा येतो. त्यात बेसाल्टचा चुरा, लोहखनिजाचे कण, शिंपल्यांचे तुकडे. हवा तो कण शोधताना जीव जातो. खाली सिंधुदुर्गात गेलं की चित्र पालटतं. तिथले खडक जुने आणि वेगळे. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणीच आहेत, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणी पांढऱ्या दिसतात त्याचं श्रेय पर्यटन खात्याला नाही, क्वार्ट्झला आहे.

म्हणून शिकले मी राजस्थानात. डिडवाण्याजवळ ‘१६ आर’ नावाची वाळूची टेकडी आहे. आमच्या धंद्यातली पंढरीच. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनी तिथे खोल खणलं. एकावर एक वाळूचे थर, मध्ये मध्ये चुनखडीच्या गाठींचे पट्टे, आणि त्यात पुराश्मयुगापासूनची दगडी हत्यारं. वाळूचे थर म्हणजे वाऱ्याचा काळ, चुनखडीचे पट्टे म्हणजे टेकडी थांबली, थोडा पाऊस पडला, माती मुरली तो काळ. राजगुरू सरांच्या पिढीने हे डोळ्यांनी आणि हातांनी वाचलं होतं, आकडे नंतर आले. सिंघवी, राजगुरू, मिश्र आणि इतरांनी मिळून २०१० मध्ये या टेकडीचा सुमारे दोन लाख वर्षांचा हिशेब मांडला. खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला सगळी वाळू सारखी दिसली. शेजारी उभे असलेले ज्येष्ठ सहकारी मात्र बोटाने रेघ ओढत होते: “इथे थांबली. इथे पुन्हा चालली.” थांबलेली वाळू ओळखता येईपर्यंत मला घण हातात मिळाला नाही. ते योग्यच झालं.

घण, कारण नमुना घ्यायची पद्धत साधी आणि जराशी रानटी आहे. भिंतीचा उन्हात राहिलेला थर हातभर आत खरवडायचा. वर काळं कापड ताणायचं. फूटभर लोखंडी नळी आडवी ठोकायची, गच्च भरेपर्यंत. गच्च हा शब्द महत्त्वाचा, कारण नळी अर्धवट भरली तर प्रवासात वाळू हिंदकळते आणि टोकाचे ऊन लागलेले कण मधल्यांत मिसळतात. मग दोन्ही तोंडं फॉइल आणि काळ्या टेपने बंद करून काळ्या पिशवीत. त्याच भोकाच्या आसपासची माती वेगळी घ्यायची, तिचं पाणी आणि किरणोत्सर्ग मोजायला. कोरडी वाळू फार हट्टी असते. नळी बाहेर काढताना ती मागून ओघळायला लागते आणि तळहात लावून धरणाऱ्या माणसाला जगातली सगळी विशेषणं ऐकावी लागतात.

आता असल्या नळ्यांची पेटी घेऊन रेल्वे स्थानकात शिरून बघा. दोन्ही टोकं काळ्या टेपने बांधलेल्या लोखंडी नळ्या, बाई एकटी, आणि आत काय विचारलं तर ‘वाळू’. एका स्थानकावर हवालदार म्हणाला, उघडा. मी म्हटलं, उघडली तर मेली. हे उत्तर त्या प्रसंगी देण्यासारखं नव्हतं, हे म्हणून झाल्यावर लक्षात आलं. शेवटी संस्थेचं पत्र, ओळखपत्र, आणि एक नळी कानाशी हलवून दाखवणं असं करत सुटका झाली. लोक विचारतात, सामान तपासायच्या एक्स-रे यंत्राने नमुना बिघडत नाही का? नाही. ती मात्रा ग्रेच्या दशलक्षांश भागांत असते. आमचा साठा त्यापुढे डोंगर. बिघडतं ते मोबाइलच्या टॉर्चने. एक्स-रेला मी घाबरत नाही, मदतीला धावून येणाऱ्या माणसाच्या टॉर्चला घाबरते.

प्रयोगशाळेतलं काम मंद तांबड्या दिव्यात चालतं. तांबड्या प्रकाशात क्वार्ट्झचे इलेक्ट्रॉन फारसे हलत नाहीत. नवीन मुलांना पहिली गोष्ट शिकवायची म्हणजे लाल शाईने काही लिहायचं नाही. तांबड्या दिव्याखाली लाल शाईची चिठ्ठी चक्क कोरी दिसते. नळीच्या दोन्ही टोकांची वाळू बाजूला काढायची, मधलीच घ्यायची. चुना घालवायला मिठाचं आम्ल, सेंद्रिय घाण घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड, मग चाळण्या. साधारण ९० ते १५० मायक्रॉनचे कण ठेवायचे. मग जड द्रवात फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ वेगळे करायचे, कारण दोघांच्या घनतेत थोडासाच पण पुरेसा फरक आहे. शेवटी हायड्रोफ्लुओरिक आम्ल. ते उरलासुरला फेल्डस्पार खातं आणि क्वार्ट्झच्या कणाचं वरचं साल सोलून काढतं, म्हणजे अल्फा किरणांनी भाजलेला भाग जातो. हे आम्ल काचही खातं, म्हणून सगळी भांडी प्लास्टिकची. कातडीवर पडलं तर आधी फारसं दुखतही नाही, आत मुरून हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल तर मी बाटलीचं झाकण उघडू देत नाही, मग समोर कितीही मोठे प्राध्यापक असोत.

एवढं करून हाती येतात चिमूटभर स्वच्छ कण. पोलादाच्या छोट्या चकत्यांवर सिलिकॉन तेलाचा थेंब लावून ते चिकटवायचे आणि यंत्रात ठेवायचे. यंत्र निळा प्रकाश टाकतं, मोजतं; मग स्वतःकडच्या स्ट्रॉन्शियमच्या स्रोतातून ठरलेली मात्रा देतं, पुन्हा मोजतं; असं वाढत्या मात्रांनी करत जातं आणि शेवटी पहिली मात्रा पुन्हा देऊन स्वतःचीच परीक्षा घेतं. उत्तर दहा टक्क्यांच्या आत जुळलं नाही तर ती चकती बाद. हे दिवसरात्र चालतं. यंत्र चालू असताना आपण करायचं काम फारसं नाही. मी गुजरात मेल पकडते.

मग आकडा येतो, आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दल. समजा आला १२,००० ± ९००. ज्याला हवा असतो त्याला १२,००० हवा असतो. मला त्या ± मध्ये जास्त रस आहे, कारण आमच्या शंका सगळ्या तिथे राहतात. त्यातली सगळ्यात मोठी पाण्याची. ओल्या मातीत पाणी किरणोत्सर्ग अडवतं, कणापर्यंत कमी पोचू देतं. ढोबळमानाने ओल एक टक्का जास्त धरली की वय एक टक्का वाढतं. आज मोजलेली ओल मला माहीत आहे. गेल्या दहा हजार वर्षांतली सरासरी कोण सांगणार? राजस्थानात ही शंका लहान असते. कोकणात, जिथे टेकडी चार महिने निथळत असते आणि मे महिन्यात भाजत असते, तिथे ती मोठी होते. माझ्या मते ज्या लेखात ओल कशी धरली ते लिहिलेलं नाही, त्यातला आकडा वाचूच नये. हे थोडं कडक वाटेल. असू दे.

दुसरी मर्यादा क्वार्ट्झचीच. साधारण दीड-दोनशे ग्रेनंतर त्याच्या खोटी भरत येतात, पुढचं मोजता येत नाही. थरच्या वाळूत म्हणजे लाखभर वर्षांच्या अलीकडेच तो हात टेकतो. फेल्डस्पार त्याच्या बराच पुढे जातो, पण त्याचा साठा अंधारातही हळूहळू गळतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. म्हणून १६ आरच्या तळाचे आकडे वरच्या आकड्यांइतक्या निश्चिंतपणे सांगता येत नाहीत.

पण आकड्यांनी एक गोष्ट अशी उलगडली की मला अजून तिचं नवल वाटतं. सगळ्यांचा समज असा की वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, थर सगळ्यात कोरडं होतं, म्हणजे तेव्हाच टेकड्या वाढल्या असणार. वयं वेगळं सांगतात. त्या काळातली वाळू फार कमी सापडते. टेकड्या वाढल्या त्या नंतर, हिमयुग ओसरून मॉन्सून पुन्हा जोर धरायला लागला तेव्हा. कारण थरमध्ये वाळू हलवणारा वारा म्हणजे उन्हाळ्यातला नैर्ऋत्य वारा, मॉन्सूनचाच. मॉन्सून पार झोपला की पाऊस नाही आणि वाराही नाही. वाळू जागच्या जागी. तो जागा होतो तेव्हा वारा आधी जोर धरतो, गवत रुजवण्याइतका पाऊस मागून येतो. मधल्या काळात टेकड्या चालतात. जूनमध्ये आमच्या खिडकीची तावदानं आपटतो तो वारा याच कुळातला. आमच्याकडे तो कपडे वाळू देत नाही, डिडवाण्याला त्याने टेकड्या रचल्या.

वाऱ्याने रचलेला गाळ मुंबईत पाहायचा असेल तर फोर्टात जावं. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या बऱ्याच इमारतींत पोरबंदरचा दगड आहे. पिवळसर, मऊ, कोरायला सोपा. हा दगड म्हणजे शिंपल्यांचा आणि सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांचा चुरा, चुन्याने सांधलेला. मिलिओलाइट हे त्याचं नाव १८४९ साली हेन्री जॉन कार्टरने ठेवलं. हा कंपनी सरकारचा डॉक्टर, मुंबईतच राहायचा आणि रोगी सोडून दगडांत रमायचा. कवचं समुद्रातली म्हणून दगड समुद्राच्या तळाशी बनला, असं बराच काळ मानलं गेलं. पण सौराष्ट्रात हाच दगड किनाऱ्यापासून कितीतरी आत, डोंगरांच्या उतारांवर चढून बसलेला दिसतो. १९०० साली जे. डब्ल्यू. इव्हान्स यांनी जुनागढचा दगड बघून मत दिलं की हा किनाऱ्यावरून वाऱ्याने उडवत नेलेला. आजही काही ठिकाणचा सागरी आणि काही ठिकाणचा वाऱ्याचा असाच निवाडा करावा लागतो. आम्ही तो आम्लात विरघळवतो, चुना सगळा जातो, आणि तळाशी राहिलेले मोजके क्वार्ट्झचे कण कामाला लागतात.

वारा की पाणी, हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आला तो केळशीला. दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी वाळूची उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाळूत त्यांना वस्तीच्या खुणा मिळाल्या, आणि ही टेकडी त्सुनामीने आणून टाकली असं त्यांनी मांडलं. त्याला जोड मिळते ती १५२४ सालच्या नोंदीची: वास्को द गामाची जहाजं दाभोळच्या समुद्रात असताना पाणी एकाएकी हादरलं होतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. किनाऱ्यावरची वाळू वारा रोज उचलतो. त्याला टेकडी बांधायला लाटेची गरज नसते.

केळशीला मी गेले ती पाहुणी म्हणून, महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेल्या सासरच्या मंडळींबरोबर. ती देवळात आणि मी टेकडीच्या कडेला. कागदावर परीक्षा सोपी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरावीक अंतराने नळ्या ठोका. वाऱ्याने हळूहळू रचली असेल तर वयं वर जाताना कमी होत जातील. एका लाटेने टाकली असेल तर सगळी जवळपास सारखी येतील, शिवाय बऱ्याच कणांत जुना साठा शिल्लक असेल, कारण लाटेतल्या कणाला ऊन खायला सवड नसते. आता अडचणी बघा. काळपट वाळू, क्वार्ट्झ थोडा. बेसाल्टच्या चुऱ्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी, म्हणजे दर कमी. हजार वर्षांना एक ग्रे धरला तरी पाचशे वर्षांत जेमतेम अर्धा ग्रे साठणार. एवढ्याशा उजेडातून निघालेल्या वयाला पन्नास वर्षं इकडे-तिकडे लागली तर तक्रार करता येत नाही, आणि त्या पन्नासात १५२४ही बसतं, त्याच्या आगेमागे आलेलं एखादं मोठं वादळही बसतं.

म्हणून केळशीसारख्या ठिकाणी माझ्या यंत्राने एकट्याने बोलू नये. ज्या थरात खापर किंवा नाणं आहे त्याच्या लगेच वर आणि लगेच खाली नळी बसली, तर दोन्ही पुरावे एकमेकांना धरून राहतात. कुठला थर वस्तीचा, कुठला उंदराने उकरलेला आणि कुठला गेल्या पावसाळ्यात घसरून आलेला, हे खापरं ओळखणाऱ्या माणसाने मला दाखवायचं. त्याने बोट ठेवावं, मी तिथे घण घालते.